कौतिक आबाची मूठ

कौतिक आबाच्या हाताला गुण आहे असं सातपिंप्रीत सगळे म्हणत, आणि आपल्याला ते ऐकायला आवडत नाही असं एकटा आबाच म्हणे. गाव पारोळ्यापासून दोन कोसांवर, बोरी नदीच्या अलीकडे. शंभर-सव्वाशे धाब्याची, मातीच्या सपाट छपराची घरं. पेरणीला पाभर उभी राहिली की तिच्या लाकडी चाड्यात पहिली मूठ आबानं सोडायची आणि मगच बैल हाकायचे. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, पण पंचवीस वर्षं चालत आलं होतं. ज्वारी-बाजरीचं बी हवं असलं की लोक आबाच्या दारी येत. आबा पाणीदार कणसं निवडून चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवी. त्याच्या घरचं बी उगवलं नाही असं कुणाच्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

मग एक्याण्णव साली गावात सोयाबीनचं नाव आलं. त्याची डाळ होईना, भाकरी होईना, उकडली तर घरभर वास सुटे. पण आडतीवर माल जात होता आणि बियाण्याची थैली मात्र तालुक्याला वेळेवर कधी मिळत नव्हती. आठवीपर्यंत शिकलेला, बारीक अंगाचा सुकदेव एका सोमवारी आबाच्या ओट्यावर येऊन बसला. सोमवारी गावात औत बंद असतं, त्यामुळे ओट्यावर माणसं होतीच.

"आबा, चांगल्या पैदाशीनी एकच थैली लयसूत," सुकदेव म्हणाला. "एकच वावर. पाच घर. बठ्ठा जण राबूत, बठ्ठा जण शिकूत. पुढला साले बियानं पाची घरमा."

"आनि बुडनं ते?" जीवरामनं विचारलं. जीवरामला कुठल्याही गोष्टीत आधी बुडण्याचंच सुचायचं.

"बुडनं ते बठ्ठास्नं बुडनं. पन शिकेल ते बुडनार नही ना भो."

पाच घरं ठरली. आबाचं, सुकदेवचं, जीवरामचं, नवऱ्यामागे एकटीनं शेती ओढणाऱ्या कमलबाईचं आणि वनाचं. वनाची जमीन दोन एकर, बायको बेबाबाई, दोघंही कामाला वाघ. पण या पाचांत सगळ्यात खालच्या पायरीवर. वावर आबाचं घ्यायचं ठरलं, विहिरीजवळचं. बियाणं सांभाळायचं घरही आबाचंच. ते तर कुणी बोलूनही दाखवलं नाही.

सुकदेवनं एक नियम काढला. दर सोमवारी पाची घरांनी ओट्यावर जमायचं आणि ज्यानं त्यानं आपली त्या आठवड्याची चूक सांगायची. सुकदेव ती वहीत लिहिणार. हसायचं नाही, टोमणा मारायचा नाही, शिकायचं. पहिले दोन सोमवार सगळे लाजले. मग सवय झाली. जीवराम सांगे, मी कोळपं खोल धरलं, मुळ्या तुटल्या. कमलबाई सांगे, बी शुद्ध राहावं म्हणून निराळ्या फुलाचं झाड उपटायचं होतं, पण ते इतकं भरलेलं होतं की माझा हात धजला नाही, मी तसंच सोडून आले. वनाची तर दर सोमवारी दोन-दोन चुका निघत. पाळी आबाकडे आली की आबा मिशीवरून हात फिरवी.

"मन्ही काही चूक नही भो."

आणि खरंच नसे. सुकदेव वहीत आबाच्या नावापुढे आडवी रेघ ओढी. आबाला ती रेघ आवडू लागली होती.

पीक छान आलं. दसऱ्याच्या सुमाराला पानं पिवळी पडून गळाली, शेंगा खडखडू लागल्या. तालुक्याहून कृषी सहायक आले, तरुण होते, सायकलवर आले होते. त्यांनी एक दाणा नखानं सोलून दाखवला. "साल बघा किती पातळ. खायचा माल असता तर काही म्हणालो नसतो. पण हे बी आहे. बैल घालू नका, काठीनं हलकं बडवा. कडक उन्हात तापवू नका. धुराजवळ, चुलीजवळ तर नकोच. ह्याच्या आत जीव आहे आणि तो फार नाजूक आहे."

आबा ऐकत होता. त्या पोराच्या वयापेक्षा जास्त वर्षं आबानं बियाणं राखलं होतं. तो नुसता हसला, आणि साहेबांना गूळ-शेंगदाणे दिले.

काठीनं बडवायला पाच घरांची माणसं तीन दिवस येणार होती. आबानं आदल्या दिवशीच खळं सारवून घेतलं, बैल जुंपले आणि दुपार कलायच्या आत सगळं मळून टाकलं. सकाळी माणसं काठ्या घेऊन आली तर खळ्यावर पिवळ्याजर्द दाण्यांची रास. आबा राशीजवळ उभा, अंगावर भुसा, तोंडावर समाधान.

"आबा, साहेब ते काठीनं म्हनेत," सुकदेव हळूच म्हणाला.

"साहेबले बैल कोठे शेतस?" आबा म्हणाला, आणि सगळे हसले. जीवराम सगळ्यात मोठ्यानं हसला, कारण त्याचे तीन दिवस वाचले होते. काठ्या खळ्याच्या कडेला टाकून सगळ्यांनी चहा घेतला.

फक्त आबाची बायको भागाबाई हसली नाही. बैल घालायच्या आधीच तिनं पेंढ्यांचा एक भारा बाजूला ओढून ठेवला होता. ती तो मागच्या पडवीत घेऊन बसली आणि दोन दिवस हलक्या काठीनं बडवत राहिली. पाठ धरली, हातावर फोड आले. आबानं चेष्टा केली, "साहेबनी चेली झायी का?"

"साहेबनं बोलनं मी ऐकं," ती म्हणाली. "माले दखू द्या ना." तिनं ते दाणे सावलीत वाळवले, नव्या माठात भरले, तोंडाला फडकं बांधलं आणि आतल्या गार खोलीत, देव्हाऱ्याच्या खाली ठेवून दिले.

आबानं मोठी रास धाब्यावर पसरली. बारा दिवस उन्हात. दाणा दातानं फोडला की कट्ट आवाज आला पाहिजे हा आबाचा नियम; तो आवाज यायला बारा दिवस लागले. मग पोती चुलीवरच्या माळ्यावर चढली, जिथं त्याच्या बापाच्या वेळेपासून ज्वारीचं बी राहत आलं होतं. हिवाळाभर आणि उन्हाळाभर खाली भाकऱ्या झाल्या, वर धूर जात राहिला. पोत्याला किडा लागला नाही. आबा अधूनमधून हात घालून बघे आणि खूश होई.

आखाजीनंतरच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या सोमवारी सगळ्यांनी मिळून उगवण बघायची होती. सुकदेव ती रीत तालुक्याहून शिकून आला होता: ओल्या गोणपाटात शंभर दाणे ओळीनं ठेवायचे, गुंडाळायचे, दोन वेळ पाणी शिंपायचं, सहाव्या दिवशी उघडून मोजायचे. आबाला उगीच हुरूप आला. आपण आधी एकट्यानं करून बघू म्हणून त्यानं माळ्यावरच्या पोत्यातून शंभर दाणे काढले आणि गोणपाटाची गुंडाळी गोठ्यात गव्हाणीमागे ठेवली.

सहाव्या दिवशी उघडली तर आधी वास आला. दाणे फुगून मऊ पडले होते, बोटाला चिकटत होते. मोड आलेले मोजले. एकोणीस.

आबा गव्हाणीजवळ खाली बसला. बैल त्याच्या खांद्याला नाक लावत राहिला. त्यानं परत मोजले. एकोणीसच होते. दुसऱ्या पोत्यातले शंभर घेऊन त्यानं परत गुंडाळी केली. सहा दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. त्या खेपेला तेवीस निघाले.

तेव्हा त्याला बैल आठवले, धाब्यावरचं ऊन आठवलं, माळा आठवला. तो पोरगा नखानं दाणा सोलत म्हणाला होता ते शब्दन्‌शब्द आठवले. आणि मग लाज आली.  पाच घरांचं वर्ष त्यानं चुलीवर भाजून ठेवलं होतं. सांगावं, असं त्याला वाटलं नाही असं नाही. दोनदा तो सुकदेवच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत गेला. दुसऱ्या खेपेला कमलबाई वाटेत भेटली, "आबा, यंदा तुमनी मूठ आधी मन्हा वावरमा हं," म्हणाली, आणि आबा "हाव" म्हणून परत आला.

सोमवारी ओट्यावर सगळे जमले. आखाजीला माहेरी आलेल्या पोरी अजून गावात होत्या, झाडांना झोके बांधलेले होते, हवा सगळी सणाची. सुकदेवनं नवं गोणपाट भिजवून आणलं. "आबा, शंभर दाना काढा."

आबा आत गेला. माळ्याची शिडी समोरच होती. त्यानं शिडीला हातही लावला. मग तो वळून आतल्या खोलीत गेला, देव्हाऱ्याच्या खालच्या माठाचं फडकं सोडलं आणि मूठ भरून घेतली. घाईघाईनं त्यानं फडकं परत बांधलं.

सहाव्या दिवशी गुंडाळी उघडली. पांढरेशुभ्र मोड. वनानं मोजले, कमलबाईनं मोजले, जीवरामनं बुडण्याच्या आशेनं तिसऱ्यांदा मोजले. एक्याण्णव. बेबाबाईनं गोणपाटाला हळदीकुंकू वाहिलं. वना आबाच्या पाया पडला.

"हात शे आबाना, हात!" जीवराम ओरडला.

आबानं पाय मागे घेतला. "दाट पेरा बरं," एवढंच तो म्हणाला.

"एक्याण्णव उगनात नि दाट कसाले?" सुकदेवनं विचारलं.

"मन्हं ऐका. दाट पेरा."

त्या दिवशी भाकरी वाढताना भागाबाई म्हणाली, "माठनी गाठ कोन्ही सोडी व्हती का?"

"माले काय ठाऊक," आबा म्हणाला. त्यानं दुसरी भाकरी घेतली नाही.

त्यानं तालुक्याला दोन फेऱ्या मारल्या. बियाण्याच्या थैल्या संपल्या होत्या. असत्या तरी पाच घरांना पुरेल एवढं उचलून आणणं त्याच्या आवाक्यात नव्हतं. मग त्यानं मनाची समजूत घातली की गोणपाट वेगळं आणि जमीन वेगळी. जमीन माय आहे, ती उगवेल. पोती पाची घरी गेली. पाऊस झाला, वाफसा आला आणि आबाला बोलावणी येऊ लागली.

कमलबाईच्या वावरात त्यानं मूठ सोडली. सुकदेवच्या, जीवरामच्या सोडली. शेवटी वनाकडे जायचं होतं. वनानं बांधावर दगड मांडून, शेंदूर लावून ठेवला होता. बेबाबाईनं आबाला टिळा लावला, नवं कोरं उपरणं खांद्यावर टाकलं. दोन एकरांत या वर्षी सगळं सोयाबीनच होतं.

"वना, एक कोपरामा ज्वारी टाक ना रे. खावाले," आबा म्हणाला.

वना हसला. "तुमना हात शे तर ज्वारी कसाले, आबा? दर साले ज्वारीच खातस. या साले बेबाले लुगडं लिसू."

आबाच्या मुठीत दाणे होते. सुरेख, पिवळे, टणक दाणे. कुणीही बघून म्हणालं असतं, काय बियाणं आहे. आता बोलला असता तरी चाललं असतं. बैल उभे होते, पाभर उभी होती, आभाळ उघडलं होतं. पेरणीचा हंगाम अजून महिनाभर होता, वनाला दुसरं काही सुचलं असतं. पण बेबाबाई पदर खांद्यावर घेऊन हात जोडून उभी होती. आबाची मूठ आपोआप उघडली. दाणे चाड्यात पडल्याचा टपटप आवाज झाला आणि वनानं बैल हाकले.

आठव्या दिवशी ओळीत कुठंकुठं एखादा कोंब दिसला. दहाव्या दिवशीही तेवढेच होते. जमीन माय असली तरी मेलेल्याला ती काय करणार.

सोमवारी ओट्यावर सगळे खाली मान घालून बसले. सुकदेवनं वही उघडली आणि पहिली चूक स्वतःची सांगितली. "मी बियान्याले औषध चोळं. जास्ती झायं वाटस. मन्ही चूक."

"आबानी दाट पेरा सांगं व्हतं," कमलबाई म्हणाली. "मी ऐकं नही. हात आखडता धरा."

जीवराम म्हणाला, त्याच्या वावरात पारवे बसले होते, आणि तो पारोळ्याच्या बाजाराला निघून गेला होता.

मग वना बोलला. "मी सरतं दाबी धरं. खोल गयं. आबानी इतली मूठ सोडी नि मी बियानं गाडी टाकं." त्यानं वहीकडे बोट केलं. "मन्ही चूक शे. लिख."

सुकदेवनं लिहिलं. मग सवयीनं आबाकडे पाहिलं. "आबा?"

आबाचं तोंड उघडलं. आणि वर्षभराच्या सोमवारांची जिभेला पडलेली सवय, ती आपोआप बोलली.

"मन्ही काही चूक नही भो."

सगळ्यांनी मान हलवली. अर्थातच. सुकदेवनं आडवी रेघ ओढली. दाराच्या आत भागाबाई तांब्या घेऊन उभी होती, ती तशीच मागे फिरली. चौघांनी आपापल्या अंगावर घेतलेल्या चार खोट्या चुका त्या वहीत होत्या, आणि आपल्या नावापुढची ती स्वच्छ रेघ. आबाला आपल्याच ओट्यावर बसवेना.

दुसऱ्या दिवशी तो वनाच्या वावराकडे गेला. का गेला ते त्याला नीट सांगता आलं नसतं. बेबाबाई गुडघ्यांवर बसून खुरप्यानं ओळ उकरत होती. एकेक दाणा शोधून तळहातावर ठेवत होती. काळे, बुळबुळीत, फुटलेले दाणे. आबाला पाहून ती घाईनं उठली, पदर सावरला, आणि तिला रडू आलं.

"आबा, देखा ना. इतलं सोनासारखं बियानं, आमना हातथीन मातीमा गयं. हाऊ घरधनी ते दोन दिन जेवना नही. म्हनस, आबाले काय तोंड दखाडू." तिनं ते सडके दाणे आबासमोर धरले, चोरी केलेल्या वस्तूसारखे. "आमले माफ करा, आबा."

 आबा तिथंच ढेकळांवर बसला.

"बेबा, बियानं मरेल व्हतं."

"काय म्हनतस, आबा?"

"खोल नही गयं. काही नही. बियानंच मरेल व्हतं. माले ठाऊक व्हतं. आठे मूठ सोडी, तव्हय बी माले ठाऊक व्हतं."

बेबाबाईचा हात तसाच पुढे राहिला. मागे बांधावर वना उभा होता, खांद्यावर दोर. त्यानं ऐकलं होतं. तो जवळ आला. आबाला वाटलं, आता हा आपल्याला मारेल, आणि मारलं तर बरं होईल. वना कितीतरी वेळ आबाच्या उजव्या हाताकडे बघत राहिला.

"आठे नका सांगू, आबा," तो शेवटी म्हणाला. "आठे आम्ही दोन जण. तठे ओट्यावर सांगा, जठे मी सांगं."

घरी येऊन आबानं भागाबाईला सांगितलं. ती पोळपाट पुसत होती. "माले आखाजीपाईन ठाऊक शे," ती म्हणाली. "मी गाठ उजवी बांधस. माठनी गाठ डावी व्हती."

"मंग बोलनी का नही?"

तिनं पोळपाट भिंतीला उभा केला. "रोज वाटे, आज सांगशात. मंग पेरनी झायी. मंग मन्हीच जीभ उचलनी नही. पाच घरले तुम्ही फसाडं, तसं मी बी फसाडं. माले मन्हीच लाज वाटस."

आपल्या लाजेत आपण एकटे नाही हे कळून माणसाला हलकं वाटायला हवं. आबाला जास्त जड वाटलं. 

सोमवार उजाडला. सगळे बसले. सुकदेवनं वही उघडायच्या आधीच आबा म्हणाला, "आज मन्ही चूक शे."

जीवरामला वाटलं आबा थट्टा करतोय. तो हसला, मग वनाचं तोंड बघून थांबला. आबानं सांगायला सुरुवात केली. सुकदेव लिहीत होता आणि मधेमधे विचारत होता. त्याचा आवाज साधा होता, दर सोमवारी असतो तसा.

"धाब्यावर कितला दिन?"

"बारा."

"दुपारले झाकं व्हतं का?"

"नही."

"माळ्याखाले चूल रोज पेटे?"

"रोज."

जीवरामनं घसा खाकरला. "बैल मी बी दखेल व्हतात. साहेबनं बोलनं मी बी ऐकेल व्हतं. मन्हा तीन दिन वाचनात म्हनीसन मी हासनू. मन्हं बी नाव लिख."

"मन्हं बी," कमलबाई म्हणाली. "चहा मी बी पिधा."

क्षणभर आबाला श्वास घेता आला. सगळे थोडं थोडं वाटून घेत होते. इथंच थांबलं तर? पण वना त्याच्याकडे बघत होता.

"मंग गोणपाटमा एक्याण्णव कसा उगनात?" सुकदेवनं विचारलं. तो अजून खाली बघून लिहीतच होता.

"ते भागाना माठमातला दाना व्हतात. काठीवर बडवेल. माळ्यावरला एकोणीस उगना व्हतात. मी आधीच दखेल व्हतं."

लिहिणं थांबलं.  समोरून कुणाची तरी म्हैस गेली, तिच्यामागे धुरळा गेला. सुकदेवनं वही गुडघ्यावर सरळ केली.

"बैल, धाबं, माळा, हाई बठ्ठं चूक म्हनीसन लिखं, आबा," तो म्हणाला. "गोणपाटनं काय म्हनीसन लिखू?"

 कमलबाईनं तोंडाला पदर लावला. आबानं वर पाहिलं. पाच घरांची माणसं, सगळी त्याच्यापेक्षा लहान, सगळ्यांना त्यानं कधी ना कधी बियाणं दिलेलं.

"खोटं म्हनीसन लिख," आबा म्हणाला.

सुकदेवनं लिहिलं. त्याला लिहायला फार वेळ लागला असं आबाला वाटलं. मग आबा म्हणाला की विहिरीजवळ या खेपेला पेरलेल्या त्याच्या ज्वारीतली निम्मी वनाच्या घरी जाईल. "ते मांगेन दखसूत," वना म्हणाला. "दखसूत नही, लिखी ले," कमलबाई म्हणाली, आणि तेही लिहिलं गेलं. आबाला कुणी वाकडा शब्द बोललं नाही. उठताना जीवरामनंसुद्धा काही म्हटलं नाही, आणि तेच आबाला फार लागलं.

माठात अजून पंधरा-सोळा शेर बियाणं होतं. आषाढ होता, पेरायला आठवडाभर उरला होता. सुकदेवचं म्हणणं पडलं की एवढ्याचीच बियाण्यासाठी पट्टी पेरू, वनाच्या मोकळ्या पडलेल्या वावरात, आणि पुन्हा पाची घरांनी पहिल्यापासून शिकू. बियाणं या खेपेला भागाअक्का सांभाळतील. भागाबाई "नको नको" म्हणाली, पण माठ तिनंच डोक्यावर घेतला.

गुरुवारी सकाळी वनाच्या वावरात पाभर उभी राहिली. बांधावरच्या दगडाचा शेंदूर पावसानं धुतला होता. पाची घरं आली होती. आबा जरा मागेच उभा होता. भागाबाईनं फडक्याची गाठ सोडली, उजवी गाठ, आणि माठ चाड्याजवळ तिरपा केला. दाणे दिसले आणि आबा पुढे झाला. त्यानं ठरवलं नव्हतं. पंचवीस वर्षं जे पाय पुढे गेले तेच गेले, आणि उजवा हात माठाकडे गेला.

वनानं तो हात मनगटाशी धरला. घट्ट नाही, म्हाताऱ्या माणसाला पायरी उतरताना धरावा तसा.

"नको, आबा."

आवाजात राग नव्हता. राग असता तर आबाला काहीतरी बोलता आलं असतं. वनानं हात सोडला आणि भागाबाईकडे वळला. "अक्का, तुम्ही सोडा."

भागाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. तिनं मूठ भरली. बेबाबाईनं तिला टिळा लावला. चाड्यात टपटप आवाज झाला.

आबाचा हात तसाच राहिला होता, उघडा. त्याचं काय करावं हे त्याला कळेना. तेवढ्यात वना म्हणाला, "आबा, बैल धरा. जीवरामनी नवी जोड शे, बुजस." आबा पाभरीच्या पुढे गेला आणि त्यानं कासरा धरला. लाजेनं त्याची मान वर होत नव्हती, म्हणून तो ओळीकडेच बघत चालू लागला. मागे चाड्यावर भागाबाई होती. निम्म्या ओळीवर ती म्हणाली,

"हळू चाला. दाना बाहेर पडस."

आबानं बैल हळू केले.